अपघातानंतरचा कागद

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर बोट गेलेला माणूस शोधत हिंडावं लागत नाही. पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. एका पाळीत हे हजारो वेळा होतं. सेन्सर बिघडलेला असतो किंवा बसवलेलाच नसतो. गार्ड काढून बाजूला ठेवलेला असतो, कारण तो लावला की नग कमी निघतात. मग एखादा स्ट्रोक हात आत असतानाच खाली येतो.

त्यानंतर त्या माणसाला काय मिळायला हवं, याबाबत कायदा स्वच्छ आहे आणि तो कामगाराच्या बाजूचा आहे. तरीही भरपाई मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो. हा कोणाचा माणूस, कुठे लागलं, किती टक्के गेलं, पगार किती होता, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर कोण लिहितं, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि पहिल्या दोन दिवसांत, कामगार दवाखान्यात पडलेला असताना, हे कागद बहुधा दुसरंच कुणीतरी लिहीत असतं.

कामावरच्या दुखापतीच्या भरपाईची मागणी मुंबईत संघटितपणे पुढे आली ती १८८४ साली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी बहुतेकांना ठाऊक असते. त्याच निवेदनात आणखी एक कलम होतं. काम करताना जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. हे मान्य करणारा कायदा यायला पुढे ३९ वर्षं गेली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. जुन्या अपघातांचे दावे अजून जुन्याच कायद्याने चालायचे आहेत, आणि संहितेनेही गणिताची मूळ पद्धत तशीच ठेवली आहे. म्हणून जुना कायदा समजून घेण्याला पर्याय नाही.

या कायद्याचा गाभा असा, की चूक कोणाची हे इथे विचारायचंच नसतं. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढं पुरे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, आणि कामगाराचं लक्ष नव्हतं म्हणून त्याचा हक्क जात नाही. अपवाद मोजके आहेत. तीन दिवसांपेक्षा जास्त न टिकलेली असमर्थता, दारू किंवा नशेच्या अमलाखाली झालेला अपघात, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. यातही मेख आहे, आणि ती कामगाराच्या हिताची आहे. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर नशेचा आणि हुकूम मोडल्याचा बचाव मालकाला घेता येत नाही. 'त्याचीच चूक होती' हे वाक्य अपघातानंतर शॉपमध्ये सगळ्यात आधी ऐकू येतं आणि ते ऐकून कित्येक घरं गप्प बसतात. कायद्याच्या हिशेबी या वाक्याला जवळजवळ काहीच किंमत नाही, हे प्रत्येक वसाहतीच्या गेटवर लिहून लावायला हवं.

आता पहिला प्रश्न, कोणाचा माणूस? आज कारखान्यात कंपनीचा माणूस आणि ठेकेदाराचा माणूस एकाच मशीनवर दिवसरात्र पाळ्यांनी उभे असतात. अपघात झाला की कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार फोन उचलत नाही. १९२३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने या पळवाटेचा बंदोबस्त तेव्हाच केला होता. आपल्या धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालक भरपाईला थेट जबाबदार असतो, ठेकेदाराकडून ती रक्कम वसूल करणं ही त्याची बाब. दावा लावताना दोघांनाही सामनेवाले करायचं, हा अनुभवी वकिलांचा साधा नियम. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगारांना वगळणारी अटही काढून टाकली. माथाडी आणि हमालांच्या बाबतीत मालक रोज बदलतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदीत माथाड्यांना हाच भरपाई कायदा लागू केला, म्हणून त्यांची स्थिती इतर अंगमेहनत्यांपेक्षा बरी आहे.

खरी अडचण ऊसतोडीत आहे. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून निघालेली जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते, उचल मुकादम देतो, तोड कारखान्याच्या चिठ्ठीने होते, आणि मजुराच्या हातात स्वतःच्या नावाचा एकही कागद नसतो. ट्रॅक्टर उलटला, विहिरीत पाय घसरला, फडात साप चावला, तर हे लोक आमचे नव्हेत असं कारखान्याने म्हणायला सगळी जागा मोकळी. सरकारने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आणि विमा योजना काढल्या ते चांगलंच झालं. पण योजनेचा पैसा म्हणजे सरकारने केलेली मदत, आणि भरपाई म्हणजे ज्याचं काम चाललं होतं त्याच्यावरचं देणं. एक मिळालं म्हणून दुसरं सोडून द्यायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न, अपघात झाला तेव्हा तो कामावर होता का? यावर न्यायालयांनी शंभर वर्षं खल केला आहे, आणि त्यातले दोन महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातलेच आहेत. पहिला मुंबईतला. बेस्टचा एक चालक ड्युटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता. वाटेत बस उभ्या लॉरीला धडकली आणि त्याचा मृत्यू झाला. ड्युटी तर संपली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली म्हटलं, की एवढ्या पसरलेल्या शहरात चालकांना बसमधून मोफत प्रवासाची मुभा होती ती सेवेच्याच सोयीसाठी होती, म्हणून हा प्रवासही कामाचाच भाग. त्याच्या पत्नीला भरपाई मिळाली.

दुसरं प्रकरण आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. साखर कारखान्यातला रखवालदार, पहाटे तीनची पाळी. २२ एप्रिल २००३ च्या रात्री तो कामावर निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. भरपाई आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या दिवाणी न्यायाधीशांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि तो आदेश रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला २९ जुलै २०२५ रोजी. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि कामाशी असलेला संबंध जुळत असेल तर, कामाच्याच ओघातला मानायचा, असं त्या निकालाने भरपाई कायद्यापुरतंही पक्कं केलं. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कायद्यात २०१० पासून अशी तरतूद होतीच, आणि नव्या संहितेनेही ती घेतली आहे. पहाटेच्या पाळीला दुचाकीवरून निघणाऱ्या लाखो माणसांच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे. मात्र त्या एका घराला न्याय मिळायला बावीस वर्षं लागली, आणि ही बावीस वर्षं कोणीही परत देऊ शकत नाही.

कामावर असताना हृदयविकाराचा झटका आला तर? इथे निकाल दोन्हीकडे गेले आहेत. दूरच्या पल्ल्यावर सलग ट्रक चालवून मरण पावलेल्या चालकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने कामाचा ताण मान्य केला. गाडीवरच्या एका क्लीनरच्या बाबतीत ताणाचा पुरावाच नाही म्हणून नाकारला. म्हणजे अशा वेळी किती तास सलग काम झालं होतं, आदल्या दिवशी सुट्टी होती का, याची टिपणं नि साक्षी गोळा करणं हेच खरं काम. ट्रक-टेम्पोवरच्या माणसांसाठी आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या अपघातात त्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, यांतला कुठलाही एकच रस्ता घेता येतो. न्यायाधिकरणात पगाराला कमाल मर्यादा नाही, पण तिथे बहुधा दुसऱ्याची चूक दाखवावी लागते. निवड घाईने करू नये.

टक्क्यांकडे येऊ. कायद्याला एक परिशिष्ट आहे आणि त्यात माणसाचं शरीर तुकड्यातुकड्याने मोजलेलं आहे. अख्खा अंगठा गेला तर कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, एका हाताची चारही बोटं ५०, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४०. दोन्ही हात गेले तर १००. परिशिष्टात न बसणारी दुखापत असेल, कण्याची किंवा डोक्याची, तर पात्र डॉक्टरने कमाईची ताकद किती घटली ते सांगायचं. इथेच दावे मार खातात. सरकारी दवाखान्यातून मिळणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शरीर किती निकामी झालं ते सांगतं, त्या माणसाचा धंदा किती बुडाला ते सांगत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. १९६८ साली ओडिशातल्या एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्टाच्या हिशेबी ते शंभर टक्के होत नव्हतं. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं नुकसान पूर्ण आहे, असं न्यायालयाने ठरवलं. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालातलं. पुढे पाय गेलेल्या टँकरचालकाच्या बाबतीत हाच न्याय लागला. म्हणून डॉक्टरला साक्षीला बोलावून, हा माणूस काय काम करत होता आणि आता ते करू शकेल का, एवढा एक प्रश्न विचारून घेणं फार मोलाचं ठरतं.

आणि पगार. मृत्यू असेल तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. वीस वर्षांच्या माणसाला तो २२४, तिशीला २०७.९८, पन्नाशीला १५३.०९. इथवर सगळं रास्त वाटतं. पण पगार कितीही असला तरी हिशेबात धरायचा तो एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा बराच काळ ४,००० होती, २०१० मध्ये ८,००० झाली आणि जानेवारी २०२० मध्ये १५,०००. समजा तीस वर्षांचा ऑपरेटर महिना २६,००० कमावतो आणि त्याचा अंगठा जातो. हिशेब १५,००० वर होईल. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०, आणि त्याचे ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. उरलेली तीस वर्षं अंगठ्यावाचून काढायची, त्याचा हा हिशेब.

याच माणसाचा पगार २०,००० असता तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण २१,००० पर्यंत पगार असलेला आणि कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या ठिकाणी काम करणारा कामगार त्या योजनेत येतो. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालावर ही योजना उभी आहे. त्या वेळी केंद्रात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. या योजनेत मालकाशी भांडायचंच नसतं, पैसे महामंडळ देतं. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, कायमचं अपंगत्व राहिलं तर गेलेल्या टक्क्यांच्या प्रमाणात तहहयात दरमहा रक्कम, मृत्यू झाला तर वारसांना निवृत्तिवेतनासारखी रक्कम. कामाच्या अपघातासाठी आधी अमुक महिने हप्ते भरलेले हवेत अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. वीस हजारवाल्याचा अंगठा गेला तर त्याला साधारण ५,४०० रुपये दरमहा जन्मभर मिळत राहतील. सव्वीस हजारवाला या छताबाहेर पडतो आणि भरपाई कायद्यात पंधरा हजारांचा होऊन जातो. पगार वाढला म्हणून संरक्षण कमी झालं, ही आपल्या व्यवस्थेतली मला सगळ्यात अन्यायाची वाटणारी गोष्ट आहे. ती दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

विमा योजनेत असलेल्याला मात्र भरपाई कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही. आणि तिथलं दुखणं कार्डाचं आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशनच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट येते, की बहुतेकांचं कार्ड अपघात झाल्यावर निघतं. बोट तुटलेला माणूस खाजगी दवाखान्यात, आणि ऑफिसात त्याच्या नावाची नोंदणी चालू. नोंदणी उशिरा झाली म्हणून हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, म्हणून घाबरून मागे हटायचं नाही.

या सगळ्यात पहिला कागद दवाखान्याचा. सोबत आलेला सुपरवायझर 'घरी जिन्यावरून पडला' असं सांगतो आणि केसपेपरवर तेच उतरतं. पुढे आयुक्तांसमोर विमा कंपनीचा वकील हाच कागद पुढे करतो. म्हणून घरच्या माणसाने दवाखान्यात पोचताच एकच गोष्ट पाहायची. जखम कुठे आणि कशाने झाली हे केसपेपरवर खरं लिहिलं आहे का? नसेल तर डॉक्टरला सांगून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यायचं. हजेरीचा फोटो, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, ठेकेदाराचे व्हॉट्सॲपवरचे संदेश, शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं नाव, हे सगळं तेव्हाच जपून ठेवायचं. मालकाला लेखी नोटीस द्यायची. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. पगाराचा कागदच नसेल तर किमान वेतनाच्या आधारे हिशेब मागता येतो.

दुसरा कागद सेटलमेंटचा. 'पन्नास हजार घे, इथे सही कर.' घरात चूल पेटायची असते, सही होते. पण कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल असतो, आणि तडजोड करायचीच तर तिची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते. मृत्यूच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची. दहाव्याला घरी येऊन मालकाने परस्पर हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. जे घर तेव्हा सही करून बसलं, त्याचा रस्ता मुदत असेतो बंद झालेला नाही. २०१७ पासून तर कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भाषेत, लेखी, भरपाईचा हक्क सांगणं मालकावर बंधनकारक आहे. न सांगितल्यास जुन्या कायद्यात किमान पन्नास हजारांचा दंड होता. असा कागद हाती पडलेला कामगार मला अजून भेटायचा आहे.

दावा कुठे लावायचा? अनेकांना वाटतं, अपघात चाकणला झाला म्हणजे पुण्यालाच खेटे घालावे लागणार. तसं नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या आयुक्तांकडेही दावा दाखल करता येतो. लातूरच्या विधवेने लातूरलाच करावा. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयं आणि कित्येक ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पाहतात. तीन महिन्यांत निकाल लावायचा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. उशिराला उतारा म्हणून कायद्यात १२ टक्के व्याज आहे, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही आहे. व्याज विमा कंपनीने भरायचं, दंड मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून. दाव्यात या दोन्हींची मागणी स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. कित्येक अर्जांत ती नसतेच.

काही कामांना वेगळे आधार आहेत. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्या मजुराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख मिळतात. मात्र त्यासाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला आणि नोंद चालू असावी लागते, आणि नाक्यावरच्या मजुराला हा दाखला द्यायला कोणी तयार नसतं. गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना किमान ३० लाख द्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. कामामुळे जडलेले रोगही कायद्याच्या परिशिष्टात आहेत. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस त्यात आहे, तसा उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोगही आहे. पण रोग कित्येक वर्षांनी उमटतो, तोवर मालक बदललेले असतात आणि डॉक्टर क्षयाचे उपचार करत राहतो. या वाटेने फार थोडे दावे पुढे जातात.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की कारखान्यातल्या गंभीर अपघाताची खबर सरकारला आधीच असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला ती द्यावीच लागते. प्राणघातक अपघाताचा अहवाल सात दिवसांत भरपाई आयुक्तांना द्यायचा, आणि आयुक्तांनी स्वतःहून मालकाकडून खुलासा मागवायचा, अशी सोयही जुन्या कायद्यात आहे. म्हणजे विधवेने वकील शोधण्याआधीच फाईल उघडता आली असती. एका खात्यातली खबर दुसऱ्या खात्यात आपोआप जावी, तिच्यावर दावा नोंदला जावा आणि घरच्यांना फक्त हजर राहण्याची नोटीस यावी, एवढी व्यवस्था नव्या संहितेच्या नियमांत बसवता येईल. कामगार संघटनांनी आज याच मागणीवर जोर द्यावा, असं मला वाटतं.

संहितेने एक नवा गटही समोर आणला आहे, ॲपवर जेवण आणि सामान पोचवणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे आणि त्यातून अपघात विम्यासारख्या योजना यायच्या आहेत. पण संहितेने त्यांना मालक-कामगार नात्याबाहेर ठेवलं आहे. म्हणून धाराशिवच्या रखवालदाराच्या घरच्यांनी जो हक्क मिळवला, घरून कामावर जाताना झालेल्या अपघाताचा, तो दिवसभर रस्त्यावरच काम करणाऱ्या या पोरांना आज लागू नाही.